खंडातील वर्षे : मराठी स्त्री-आत्मकथने आणि प्रौढ विद्यार्थ्याचे पुनरागमन

प्रस्तावना

शिक्षणात खंड पडलेला विद्यार्थी पुन्हा महाविद्यालयाच्या दारात येतो, तेव्हा त्याच्याकडून बहुधा एक शपथपत्र मागितले जाते. अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत आपण कोणत्याही शिक्षणसंस्थेत शिकत नव्हतो, एवढेच त्यात लिहावयाचे असते. तहसील कार्यालयाच्या आवारात बसणाऱ्या लेखनिकाकडे त्याचा मजकूर तयारच असतो. नाव, गाव आणि वर्षे तेवढी बदलतात. दहा, पंधरा, क्वचित पंचवीस वर्षांचे आयुष्य या कागदावर एका ओळीत आटोपते आणि प्रवेश देणाऱ्या लिपिकाच्या दृष्टीने ती ओळ कोरी असणे हीच तिची पात्रता असते.

मराठी विषयाच्या अध्यापकाला या कागदाची आठवण आत्मकथने शिकविताना हटकून होते. कारण आत्मकथन हा या शपथपत्राच्या नेमका उलट्या दिशेने लिहिला गेलेला मजकूर आहे. शपथपत्रात जी वर्षे रिकामी म्हणून नोंदविली जातात, तीच आत्मकथनात पानेच्या पाने व्यापतात. प्रौढ माणूस पुन्हा शिकावयास का येतो, या प्रश्नाचे उत्तर शिक्षणशास्त्रीय पाहण्यांत पदोन्नती, वेतनश्रेणी, हौस, मुलांचा अभ्यास घेता यावा ही इच्छा, अशा कारणांच्या यादीने दिले जाते. ती कारणे खोटी नाहीत. परंतु यादीतले प्रत्येक कारण त्या माणसाच्या आयुष्यात कोठून उगवले, हे यादी सांगत नाही. ते कळावयाचे तर आत्मकथनांकडे जावे लागते.

प्रस्तुत लेखात पार्वतीबाई आठवले यांचे ‘माझी कहाणी’ (१९२८), शांताबाई कांबळे यांचे ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ (१९८६) आणि ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) या तीन आत्मकथनांतील प्रौढ शिक्षणाच्या भागांचा विचार करावयाचा आहे. तिन्ही लेखिकांचे सामाजिक स्थान भिन्न आहे. पहिली ब्राह्मण विधवा, दुसरी स्वातंत्र्यपूर्व काळात नोकरीस लागलेली दलित शिक्षिका, तिसरी मुंबईतील सरकारी कार्यालयात काम करणारी दलित लेखिका. तिघींमध्ये एक गोष्ट समान आहे. तिघीही संसाराची, नोकरीची किंवा संस्थेची जबाबदारी अंगावर असताना पुन्हा विद्यार्थी झाल्या. मराठी समीक्षेने स्त्री-आत्मकथनांचे वाचन प्रामुख्याने दोन अंगांनी केले आहे. एक, समाजसुधारणेच्या इतिहासाचे साधन म्हणून. दोन, स्त्रीच्या, विशेषतः दलित स्त्रीच्या दुहेरी शोषणाचा दस्तऐवज म्हणून. दोन्ही वाचनांत शिक्षणाचा प्रसंग येतो तो बालपणी जे हुकले त्याची उशिरा झालेली भरपाई म्हणून. प्रस्तुत लेखकाला हे वाचन अपुरे वाटते. या स्त्रिया मागे राहिलेल्या ठिकाणी परत गेलेल्या नाहीत. मधल्या वर्षांत त्यांनी जे केले, त्याने त्यांना शिक्षणाकडे नेले. परत येण्याचे कारण खंडातच घडलेले आहे, असे या आत्मकथनांच्या आधारे म्हणावयाचे आहे.

रात्र, सकाळ आणि रविवार

प्रथम थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण अर्धवेळ शिक्षण ही आपल्याकडे अलीकडची सोय आहे असा एक समज अध्यापकवर्गात आढळतो. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रीची शाळा चालविली. पुण्याच्या सेवासदनाने १९०९ पासून प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणाचे वर्ग हेच आपले मुख्य काम मानले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. पुढे १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. या विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांतून रविवारी आणि सुटीच्या दिवशी वर्ग भरू लागले. रात्र, सकाळ, रविवार. मालकाने, कार्यालयाने किंवा शेताने ज्या वेळेवर हक्क सांगितलेला नाही, अशी वेळ शोधून तेथे शाळा नेण्याचा हा प्रयत्न आहे आणि तो दीडशे वर्षांहून जुना आहे.

सिद्धार्थच्या सकाळच्या वर्गांच्या संदर्भात एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ते वर्ग सुरू करणाऱ्याच्या स्वतःच्या शिक्षणात खंड पडलेला होता. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९१८ पासून ते मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. प्रवेशाच्या कागदावर ही तीन वर्षे खंड म्हणूनच मोजली जातील. याच वर्षांत त्यांनी साउथबरो समितीपुढे निवेदन केले आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक काढला. १९२० मध्ये लंडनला परतलेला विद्यार्थी १९१७ मध्ये तेथून निघालेला विद्यार्थी राहिलेला नव्हता. हे उदाहरण असामान्य पुरुषाचे आहे, म्हणून ते येथेच सोडून देतो. पण खंड म्हणजे पोकळी हे गृहीत किती तकलादू आहे, हे दाखविण्यास ते पुरेसे आहे.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर खंड हा शब्द व्यक्तीपेक्षा प्रदेशालाच अधिक लागू पडतो. निजामी राजवटीत उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावे लागे आणि तेथील उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये उभे राहिले, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये. आज आपल्या वर्गात बसणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याच्या आजोबांच्या तरुणपणी त्यांच्या भाषेतले विद्यापीठच या भागात नव्हते. ज्या घरात महाविद्यालयाची वाट दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हती, त्या घरातील चाळीस वर्षांच्या स्त्रीला ‘शिक्षण सोडलेली’ म्हणणे भाषिकदृष्ट्याही चमत्कारिक आहे.

‘माझी कहाणी’ : शिकणे हे कामाचे मागणे

पार्वतीबाई आठवले यांचा जन्म १८७० मध्ये कोकणातील देवरुख येथे झाला. लहानपणी लग्न, विशीच्या सुमारास वैधव्य, पदरी एक मुलगा. त्यांची बहीण बाया म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पत्नी. या नात्यातून त्या पुण्यास आल्या आणि वयाच्या पंचविशीनंतर शिकू लागल्या. एवढी हकिकत सांगून बहुतेक लेखक थांबतात, कारण ‘सुधारकाने विधवेला शिकविले’ या ओळखीच्या कथेत ती चपखल बसते. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथामुळे ही कथा मराठी वाचकाच्या मनात इतकी पक्की झाली आहे की त्यानंतरचे प्रत्येक स्त्री-आत्मकथन त्याच साच्यातून वाचले जाते. रमाबाईंच्या बाबतीत पती हा शिक्षक होता आणि घरातील इतर स्त्रिया विरोधक होत्या. पार्वतीबाईंच्या आयुष्याची रचना अशी नाही.

त्यांच्या कहाणीचा खरा कस लागतो तो पुढच्या भागात. शिक्षण झाल्यावर त्या कर्व्यांच्या आश्रमात काम करू लागल्या आणि आश्रमासाठी वर्गणी गोळा करण्याचे काम त्यांच्याकडे आले. अनोळखी गावात जावयाचे, सभेत उभे राहून बोलावयाचे, धनिकांच्या घरी जाऊन मागावयाचे. हे काम करणाऱ्या स्त्रीला मराठीबाहेरच्या माणसाशी बोलता आले पाहिजे, म्हणजे इंग्रजी आली पाहिजे, ही जाणीव त्यांना या कामाने दिली. इंग्रजी शिकण्याचे त्यांचे प्रयत्न वारंवार सुरू होतात आणि संस्थेच्या कामाच्या रेट्यात वारंवार खंडित होतात. शेवटी १९१८ मध्ये, पंचेचाळिशी उलटल्यावर, त्या अमेरिकेस गेल्या. तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून त्या राहिल्या आणि १९२० मध्ये परतल्या.

आश्रमात ज्यांच्या शब्दाला मान होता, त्या बाई परदेशात भांडी घासून भाषा शिकत होत्या. या प्रसंगाकडे जिद्दीची गोष्ट म्हणून पाहणे सोपे आहे आणि शालेय पुस्तकांना ते शोभतेही. समीक्षकाने मात्र आधी एक साधा प्रश्न विचारावा. त्यांना काय शिकावयाचे होते? त्यांना पदवी नको होती. बालपणी हुकलेली शाळाही भरून काढावयाची नव्हती. लहानपणी इंग्रजी हुकल्याची खंत त्यांना असणे शक्यच नव्हते, कारण त्या काळच्या देवरुखच्या मुलीच्या आयुष्यात ती भाषा नव्हतीच. इंग्रजीची गरज निर्माण झाली ती त्यांनी स्वतः उभ्या केलेल्या आयुष्यातून. म्हणजे उणीव आधी आणि शिक्षण नंतर, हा क्रम येथे लागू पडत नाही. आधी काम, कामातून उणिवेची ओळख आणि मग शिक्षण, असा हा क्रम आहे.

येथे एक कबुली देणे भाग आहे. स्त्रीशिक्षणाविषयी पार्वतीबाईंची मते आजच्या वाचकाला अनेक ठिकाणी परंपरानिष्ठ वाटतील. स्त्रीचे क्षेत्र घर, हे त्यांना मान्य होते. जी स्त्री स्वतः समुद्र ओलांडून गेली तिने असे म्हणावे, याचे आश्चर्य करणारे विद्यार्थी वर्गात दरवर्षी भेटतात. परंतु ही विसंगतीही आपल्या विषयाशी संबंधित आहे. प्रौढ विद्यार्थी कोऱ्या पाटीने येत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या जगण्याने पक्की झालेली मते तो बरोबर आणतो आणि शिक्षणानंतरही त्यांतील पुष्कळशी तशीच राहतात. तरुण विद्यार्थ्याला आपण घडवितो, असा अध्यापकाचा जो समाधानकारक भ्रम असतो, त्याला प्रौढ विद्यार्थ्याच्या वर्गात जागा नसते. तो वर्ग अनेकांना नकोसा वाटतो याचे हेही एक कारण असावे.

नाजुका मोठी होते तेव्हा

‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ मधील नाजुका ही बालिका मराठी वाचकाला परिचित आहे. १९९० मध्ये दूरदर्शनवर आलेल्या मालिकेचे नावच ‘नाजुका’ होते. शांताबाई कांबळे यांचा जन्म १९२३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील महुद येथे झाला. १९४२ मध्ये त्या सोलापूर जिल्हा स्कूल बोर्डात शिक्षिका झाल्या. पुढे १९५२ च्या सुमारास त्यांनी पुण्यात दोन वर्षांचे अध्यापन प्रशिक्षण घेतले, १९५७ मध्ये जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या आणि १९८१ मध्ये निवृत्त झाल्या. आत्मकथन लिहिले ते त्यानंतर.

समीक्षेने बालिका नाजुकाला जितके लक्ष दिले, तितके प्रशिक्षणार्थी शांताबाईंना दिलेले नाही. याचे कारण निवेदनाच्या रीतीत आहे. शांताबाई लहान लहान प्रसंगांतून, साध्या वाक्यांतून सांगत जातात आणि मोठ्या घटनेसाठी आवाज चढवीत नाहीत. त्यामुळे दहा वर्षे शाळा चालवून झाल्यावर एक विवाहित स्त्री पुन्हा विद्यार्थिनींच्या रांगेत बसते, ही घटना नोकरीतील एक टप्पा म्हणून वाचली जाते आणि पान उलटले जाते. वस्तुतः या ठिकाणी थांबावयास हवे. जातीमुळे गावोगाव ज्या अडचणी सोसून ही स्त्री शिकवीत होती, त्या अडचणींचे तिचे ज्ञान प्रशिक्षण देणाऱ्या कोणाही अध्यापकापेक्षा अधिक होते. पाठटाचणात त्याला जागा नव्हती. तरीही प्रशिक्षण आवश्यक होते, कारण प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित शिक्षक यांच्या वेतनात, बदलीत आणि बढतीत फरक पडतो. पुढे त्या इतरांच्या शाळा तपासणाऱ्या अधिकारी झाल्या, हे आपण पाहिलेच.

पदोन्नतीसाठी शिकणे याला आपल्याकडे जरा खालच्या पायरीवर ठेवले जाते. ज्ञानासाठी ज्ञान ही उच्च प्रेरणा आणि वेतनवाढीसाठी शिक्षण ही व्यावहारिक प्रेरणा, असा भेद चर्चासत्रांतून सर्रास ऐकू येतो. हा भेद करणाऱ्यांपैकी अनेकांनी (प्रस्तुत लेखकासह) एम. फिल. कोणत्या हेतूने केले, हे त्यांनी स्वतःशी प्रामाणिकपणे आठवून पाहावे. शांताबाईंच्या बाबतीत पदोन्नती म्हणजे ज्या गावाने पायरीशी अडवले त्या गावच्या शाळेची तपासणी करण्याचा अधिकार होता. या प्रेरणेला व्यावहारिक म्हणून बाजूला सारणारी समीक्षा तिच्यातील सामाजिक आशयाला मुकते.

‘आयदान’ मध्ये प्रश्न अधिक उघडपणे येतो. ऊर्मिला पवार नोकरी, संसार आणि मुले सांभाळून मराठी विषयात एम. ए. करू लागतात, तेव्हा अडथळा जुन्या वळणाच्या सासूकडून येत नाही, गावाकडूनही येत नाही. तो पतीच्या नाराजीतून येतो. बाबासाहेबांच्या विचाराने शिक्षणाला सर्वांत वरचे स्थान देणाऱ्या समाजातील हे घर आहे. तेथे मुलांनी शिकावे याविषयी दुमत नाही. तरुण मुलीने शिकावे याविषयीही नाही. बायकोने, आई झाल्यावर, नोकरी करीत असताना शिकावे की नाही, येथे मात्र मतभेद सुरू होतो. या घरातील संघर्षाला स्त्री-पुरुष विषमता असे नाव देऊन पुढे जाता येते. परंतु लेखिकेच्या निवेदनाकडे बारकाईने पाहिले तर वादाचा विषय शिक्षण हा नाही, वेळ हा आहे. संध्याकाळचे दोन तास कोणाचे? पुस्तक उघडले त्या घटकेला स्वयंपाकघरात कोणी उभे राहावयाचे? रमाबाई रानडे यांना घरातील स्त्रियांशी जी भांडणे सोसावी लागली, तीही थोडी खरवडून पाहिल्यास याच प्रश्नाशी येतात.

प्रौढांचे शिक्षण अर्धवेळच का असते, याचे उत्तर येथे सापडते. खंडातील जबाबदाऱ्या प्रवेशाच्या दिवशी संपत नाहीत. तरुण विद्यार्थी घरातून निघून महाविद्यालयात येतो. प्रौढ विद्यार्थी, विशेषतः स्त्री, घर बरोबर घेऊन येते आणि घड्याळाकडे पाहत बसते. ऊर्मिला पवारांच्या आईच्या हातात सतत विणले जाणारे आयदान हे या आत्मकथनाचे मध्यवर्ती प्रतीक आहे, हे सर्वज्ञात आहे. त्याचा एक अर्थ असाही घेता येईल की या कुटुंबातील स्त्रीचे हात रिकामे कधी नसतातच. आईच्या हातात बांबूच्या कांब्या होत्या, मुलीच्या हातात कार्यालयाच्या नस्त्या आणि घरची कामे. पुस्तकाला हात रिकामा मिळावयाचा तर तो कशातून तरी सोडवून घ्यावा लागतो.

या वाचनाविरुद्ध एक आक्षेप संभवतो आणि तो गंभीर आहे. ही तिन्ही आत्मकथने यशस्वी झालेल्या स्त्रियांची आहेत. ज्यांनी प्रवेश घेतला आणि दुसऱ्या वर्षी येणे बंद केले, त्यांनी आत्मकथन लिहिलेले नाही. ज्यांचा अर्धवेळ वर्ग अर्ध्यावरच थांबला त्यांचे कारण या ग्रंथांतून कळत नाही. हा आक्षेप मान्य करून त्या मर्यादेसह पुढील भाग वाचावा.

बीड जिल्हा : न लिहिलेली आत्मकथने

बीड जिल्ह्यातील खंडाची कारणे आपणा सर्वांना पाठ आहेत. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाच्या गाड्या गावातून निघतात आणि पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या कारखान्यांकडे जातात. उचल घेतलेली असते आणि ती कोयत्याने फेडावयाची असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळे जोडी जुळविण्यासाठी लग्ने लवकर होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) जिल्ह्यातील वीस ते चोवीस वयोगटातील स्त्रियांपैकी अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांहून अधिक आढळले. आठवी-नववीतील मुलीच्या हजेरीपटावर दिवाळीनंतर रेघ येते, ती अशी. सरकारी भाषेत याला गळती म्हणतात. या शब्दात गळणाऱ्या थेंबाची मोजदाद होते, भांड्याची चौकशी होत नाही.

यांपैकी काही स्त्रिया आणि पुरुष पुढे कधीतरी परत येतात. सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीला बसतात किंवा मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात नाव घालतात. दहावी-बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारी परीक्षेतून पदवीकडे जाण्याची वाट या विद्यापीठाने दीर्घकाळ खुली ठेवली आणि तिचा उपयोग ग्रामीण भागातील अनेकांनी केला. प्रस्तुत लेखकाने काही वर्षे जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रात संमंत्रक म्हणून रविवारी मराठीचे तास घेतले आहेत. त्या वर्गात अंगणवाडी सेविका होत्या, पोलीस शिपाई होते, एक किराणा दुकानदार होता, आणि ग्रामपंचायतीचे सदस्यपद भूषवून झालेली एक बाई होत्या. स्त्रियांसाठी पंचायतींत राखीव जागा आल्या त्या १९९३ च्या घटनादुरुस्तीने आणि महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्यावर गेल्या. या जागांनी किती स्त्रियांना सत्ता दिली याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. किती स्त्रियांना त्यांनी विद्यार्थी केले, याकडे कोणी पाहिलेले नाही. पाच वर्षे ठरावांवर सह्या केल्या, पण वाचून दाखवावयाला दरवेळी मुलगा लागे, म्हणून नाव घातले, असे त्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले. पार्वतीबाईंच्या इंग्रजीशी या कारणाचे नाते किती जवळचे आहे, हे तेव्हा लेखकाच्या ध्यानात आले नाही.

दिवाळीनंतर या वर्गातील शेवटच्या दोन रांगा रिकाम्या होत. पहिल्या वर्षी लेखकाने त्यांच्या नावापुढे गैरहजर असे लिहिले. त्यांपैकी काहीजण कारखान्यावर गेले होते आणि एप्रिलमध्ये पाडव्यानंतर परतून परीक्षेला बसणार होते, हे दुसऱ्या वर्षी कळले. अभ्यासक्रम साखर हंगामाच्या वेळापत्रकाने आखला जात नाही, हे खरे. पण मुक्त या शब्दाचा अर्थ काय घ्यावा, असा प्रश्न त्या रिकाम्या रांगांकडे पाहून पडत असे.

आता आपल्याविषयी. रविवारचे विद्यार्थी हा शब्द आपल्या कर्मचारी कक्षात कोणत्या सुरात उच्चारला जातो, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मानधन अल्प, वर्ग विस्कळीत, विद्यार्थी गाइडवर अवलंबून आणि गृहपाठ एकमेकांचे पाहून लिहिलेले, या तक्रारी अगदीच निराधार नाहीत. एकाच हस्ताक्षरातील चार गृहपाठ लेखकानेही तपासले आहेत. परंतु या तक्रारींच्या मुळाशी असलेले गृहीत तपासले पाहिजे. आपण या विद्यार्थ्याला अपूर्ण राहिलेला नियमित विद्यार्थी समजतो, म्हणून नियमित विद्यार्थ्याच्या मापाने मोजतो आणि तो कमी भरतो. त्याच्या खंडात काय आहे, हे विचारण्याची रीत आपल्या अध्यापनात नाही. स्वयंअध्ययनाच्या पुस्तकांत प्रत्येक घटकाच्या शेवटी प्रश्न असतात. त्यांत विद्यार्थ्याला जे ठाऊक आहे त्याविषयीचा प्रश्न क्वचितच असतो.

याचा एक पुरावा लेखकाच्या स्वतःच्या हातून घडलेला आहे. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराचे स्वरूप स्पष्ट करा, असा गृहपाठ होता. अपेक्षित उत्तर तीन पानांचे. व्याख्या, वैशिष्ट्ये, दोन-चार ग्रंथांची नावे. केज तालुक्यातील एका विद्यार्थिनीने पहिले पान अपेक्षेप्रमाणे लिहिले होते. पुढच्या पानांवर तिने मुकादमाच्या उचलीचा हिशेब लिहिला होता. कोणत्या वर्षी किती घेतले, किती टन तोडले, आजारपणात किती खाडे धरले गेले, फेड किती झाली आणि किती अंगावर राहिली. हिशेब मुकादमाच्या वहीत होता आणि त्यांच्या वहीत नव्हता, म्हणून तिने तो आठवणीतून मांडला होता. शेवटी लिहिले होते की आपण आत्मचरित्र लिहिलेच तर ते असे असेल. लेखकाने लाल शाईने ‘विषयाला सोडून’ असा शेरा दिला आणि पहिल्या पानापुरते गुण दिले.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगाराच्या जीवनावर कथा-कादंबऱ्या आहेत, अहवाल आहेत, वृत्तपत्रांच्या मालिका आहेत. स्वतः कोयता धरलेल्या आणि नंतर पुस्तक धरलेल्या स्त्रीने लिहिलेले आत्मकथन प्रस्तुत लेखकाच्या वाचनात आलेले नाही. ते लिहिले जात नाही असे म्हणणे मात्र धाडसाचे होईल. कोठेतरी, कोणत्यातरी घटकाखालील प्रश्नाच्या उत्तरात, ते तुकड्यातुकड्यांनी लिहिले जात असावे आणि आपण त्यावर शेरे मारीत असू.

हा लेख लिहावयास घेतला तेव्हा तो गृहपाठ पुन्हा पाहावा म्हणून केंद्रात चौकशी केली. निकाल लागल्यानंतर ठरावीक मुदतीपर्यंत गृहपाठ ठेवले जातात. त्या वर्षीचे गठ्ठे रद्दीत गेले होते.